सुलट्या बाजूची गाठ

१

जुन्या कपड्याचं वय विचारलं की लोक आधी कापड बघतात. मी आधी इलॅस्टिक बघते. कापड वर्षानुवर्षं वय लपवून बसतं, इलॅस्टिकला ते जमत नाही. आतलं रबर आधी सैल पडतं, मग चिकट होतं, मग कडक, आणि शेवटी बोटांत धरून ताणलं की कुरकुरत तुटतं. त्या कुरकुरीवरून मी दशक सांगते, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगते. त्यानंतर चेन: धातूची की नायलॉनची, कुशीत लावलेली की पाठीत. मग हुक, टीप, दोरा. आमचं काम एवढंच. आतले कपडे आणि पोहायचे कपडे, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायला लोक लाजतात ते, आमच्या टेबलावर येतात आणि वय घेऊन परत जातात. संग्रहालयवाले येतात, नाटकवाले येतात, आजीच्या कपाटात भलतंच काही सापडलं म्हणून गोऱ्यामोऱ्या झालेल्या नाती येतात.

आम्ही म्हणजे मी आणि माझी बहीण. तिला सगळे धाकटीच म्हणतात. आई गेली तेव्हा ती माझ्या कमरेइतकी होती. मी तिला वाढवली असं मी म्हणते, आणि तिनेच मला सांभाळली असं ती म्हणते. तेव्हापासूनचा तिचा प्रत्येक कपडा मी शिवलाय, त्यामुळे तिची मापं मला टेपशिवाय पाठ आहेत. खांदे पट्टीने आखल्यासारखे सरळ. रोज सकाळी पोहायला जाते आणि ओल्या केसांनी जिना चढून येते. शिवणकामात मात्र तिची एक खोड काही केल्या जात नाही. दोऱ्याची गाठ कापडाच्या आतल्या बाजूला लपवायची असते, तर ही बया सुलट्या बाजूलाच मारणार, सगळ्यांना दिसेल अशी. "निदान कुणी शिवलंय ते तरी कळतं," असं वर म्हणायचं.

शनिवारी ती दुसऱ्या गावी जायची होती. एका मोठ्या नाटक कंपनीने तिला कपडेपट सांभाळायला बोलावलं होतं. मी ही बातमी अख्ख्या गल्लीला सांगितली आणि न्हाणीघरात नळ सोडून रडूनही घेतलं.

आमचा एकच नियम होता. टेबलावरचं अंगावर घालायचं नाही. अंगाची ऊब आणि घाम लागला की इतकी वर्षं तग धरलेला धागा हार मानतो. शिवाय दुसऱ्याच्या आतल्या कपड्यात शिरायचं म्हणजे कसंतरीच, हेही आहेच.

२

मंगळवारी रिकामेकाका आले. त्यांचं आडनाव वेगळंच आहे, पण माणसं गेल्यावर मागे राहिलेली घरं रिकामी करून द्यायचा त्यांचा धंदा, म्हणून धाकटीने हे नाव पाडलं आणि ते त्यांनाही आवडलं. त्यांनी एक पत्र्याची ट्रंक धापा टाकत आणून ठेवली.

"ताई, तुमच्या कामाचं आहे," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "मी वरचा एकच कपडा उचलला आणि झाकण लावून टाकलं."

"लाजताय काय काका, कापडच आहे," धाकटी म्हणाली.

"तुम्ही असाल डॉक्टर. मी आपला हमाल."

ते गेले आणि मी झाकण उघडलं. खरं सांगते, माझे हात शिवशिवायला लागले. वर रेशमी स्लिप, खाली कडक कप असलेल्या ब्रा, स्टॉकिंग्ज अडकवायच्या धातूच्या चिमट्यांचा कमरपट्टा, आणि त्याखाली पोहायचे पोशाख, एकावर एक. एका ट्रंकेत असा ऐवज मी जन्मात पाहिला नव्हता. आम्ही जेवण विसरलो. मोठ्या टेबलावर पांढरी चादर घातली आणि वयाप्रमाणे ओळ लावत गेलो. एका टोकाला खांद्यावर बटणं असलेला लोकरीचा विणलेला पोहायचा पोशाख, सगळ्यात म्हातारा. मध्ये काळा, धातूच्या चेनचा, पन्नासच्या दशकातला. त्यानंतर नायलॉन, त्यानंतर फुलाफुलांचे, आणि दुसऱ्या टोकाला एक निळा, ज्याचं इलॅस्टिक अजून जिवंत होतं.

"ताई, हे बघ," धाकटी म्हणाली. "डावी पट्टी."

प्रत्येक कपड्याची डावी पट्टी आखूड केलेली होती. स्लिपची, ब्राची, पोहायच्या पोशाखांची, अगदी लोकरीच्या पोशाखाचंही डावं बटण सरकवून लावलेलं. बारीक, नेटके टाके, गाठ आत लपवलेली, आणि टाक्यांचा कल डावखुऱ्या हाताचा. म्हणजे हे सगळं एकाच बाईचं. डावा खांदा पडलेली, डावखुरी, पोहण्याची आवड असलेली बाई. मी आनंदाने धाकटीच्या पाठीत एक धपका घातला. एका माणसाचा अख्खा जन्म टेबलावर मांडलेला असा कधी मिळतो?

मग मी टेप काढली, आणि तिथे घोळ झाला. काखेपासून कमरेपर्यंतचं अंतर, छाती, कंबर, सगळं सगळीकडे तेच. लोकरीपासून निळ्यापर्यंत बोटभरही फरक नाही. माझे गेल्या वर्षीचे कपडे मला होत नाहीत, आणि ही बाई इतकी दशकं तशीच्या तशी राहिली.

"आई, मुलगी, नात असतील," मी म्हणाले. "एकीच्या अंगावर गेलेली दुसरी."

"आणि तिघींचाही डावा खांदा पडलेला? तिघीही डावखुऱ्या?"

"असतात काही घरं तशी. आपल्या घरात सगळ्यांची नाकं नाहीत का एकसारखी?"

धाकटी हसली. मीही हसले, पण टेप गुंडाळताना ती दोनदा हातातून सुटली.

३

अशा वेळी माझ्याकडे एक हुकमी उपाय असतो, जांभळ्या उजेडाची टॉर्च. अलीकडच्या दोऱ्यात आणि धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे घालतात ते या उजेडात निळसर चमकतं. खरा जुना दोरा काळाच राहतो. पट्ट्या कुणी मागाहून एकाच दिवशी बसून आखूड केल्या असतील तर सगळीकडे तोच दोरा निघणार आणि कोडं सुटणार. भर दुपारी खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. खोली गच्च अंधारी झाली. टॉर्च मी धरली, धाकटी माझ्या उजव्या कुशीला उभी राहिली.

लोकरीच्या पोशाखाचा दोरा काळा. स्लिपचा काळा. काळ्या पोशाखाचा काळा. नायलॉनच्या ठिकाणी पहिल्यांदा जरा चमक आली, आणि पुढे वाढत गेली. म्हणजे प्रत्येक पट्टी तिच्या त्याच काळात आखूड केलेली होती. मला भीती वाटायला हवी होती, आणि मी मात्र नाचायची बाकी होते. असं काही आजवर कुणी पाहिलं असेल तर शपथ.

तेवढ्यात टेबलाच्या निळ्या टोकाकडून आवाज आला. पट्ट. ओढून सोडलेली इलॅस्टिकची पट्टी खांद्यावर बसते तो आवाज. तो कुठल्याही बाईला झोपेतही ओळखता येईल, रोज सकाळी आपल्याच अंगावर ऐकतो आपण.

"काय करतेस?" मी म्हणाले.

"मी काय केलं?" धाकटी माझ्या उजव्या कुशीलाच होती. तिचा हात माझ्या दंडावर होता.

मी टॉर्च त्या टोकाला वळवली. निळा पोशाख होता तिथेच होता, आणि सबंध निळा उजळला होता. मी हात लावून पाहिला. खालची शिवण ओलसर लागली आणि बोटांना तरणतलावाच्या पाण्याचा वास आला. ट्रंकेला ओल आली असेल, असं मी म्हणाले. धाकटीने खिडकी उघडली.

४

दुसऱ्या दिवशी पोशाख शिवणकामाच्या पुतळ्यावर चढवून पाहायचं काम होतं. निळा सोडून कुठलाच पोशाख ताण सोसणार नव्हता, म्हणून तोच घेतला. पण आमच्या पुतळ्याचे खांदे सरळ, त्यामुळे पोशाखाला पीळ पडायला लागला. डावीकडे सुरकुत्या, उजवीकडे पोकळ. या बाईचं अंग नक्की कसं होतं ते दिसेना. मला ते बघायचंच होतं. इतकी ओढ लागली होती की दुसरं काही सुचत नव्हतं.

"मी घालू का?" धाकटी म्हणाली. "हा कुठे जुना आहे? इलॅस्टिक तर ठणठणीत आहे."

"नियम आहे."

"नियम तूच केलास. माझ्या अंगावर असे कपडे बरे बसतात, तूच म्हणतेस ना. आत माझे कपडे ठेवते, वरून चढवते. पटकन घालते, पटकन काढते."

"जा," मी म्हणाले. "पटकन."

कोपऱ्यात पडदा लावून आम्ही कपडे बदलायची जागा केली होती. ती आत गेली. कापडाची सळसळ झाली. मग पट्ट, आणि थोड्या वेळाने दुसऱ्यांदा पट्ट. मग बराच वेळ काहीच नाही.

"अडकलीस का ग?"

पडदा सरकला. ती बाहेर येऊन उभी राहिली, आणि माझ्या तोंडून कौतुकच निघालं. एक सुरकुती नाही. मापून शिवल्यासारखा बसला होता.

"सरळ उभी राहा," मी म्हणाले.

"सरळच उभी आहे."

डावा खांदा खाली होता. मी जवळ जाऊन तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. माझा एक हात वर होता, एक खाली. तिचं अंग गार होतं, पोहून आल्यासारखं.

"शनिवारच्या सामानाच्या पिशव्या उचलून उचलून झालं असेल," ती म्हणाली. "रात्री शेक घेते."

मला ते पटलं. पटवून घ्यायचं असलं की सगळं पटतं. तिने तो काढला, मी तो ओळीत ठेवला आणि आम्ही चहा केला. तिने कप डाव्या हाताने उचलला, कारण उजवा दुखत असेल असं मी धरून चालले.

५

गुरुवारी सकाळी ती पोहायला गेली आणि मी तिची बॅग नीट लावायला घेतली. ती कपडे कोंबते, घडी घालत नाही. या वेळी मात्र सगळं घडी घालून ठेवलेलं होतं. मी उगाच एक ब्रा उचलली, मीच शिवलेली. डावी पट्टी आखूड केलेली होती. दुसरी उचलली, तीही. बारीक, नेटके टाके. मी पट्टी उलटी केली. गाठ आत होती, छान लपवलेली.

मी पलंगावर बसले. खांदा दुखतोय म्हणून पट्ट्या आत घेतल्या असतील, हे ठीक. रातोरात सगळ्या घेतल्या असतील, हेही ठीक, ती झपाटल्यासारखं काम करते कधी कधी. पण गाठ? मी रागावून, गोड बोलून, एकदा तर वेणी ओढून सांगून थकले, तरी तिने जन्मात गाठ आत ठेवली नव्हती.

मी रिकामेकाकांना फोन लावला.

"काका, ती ट्रंक कुणाच्या घरातली?"

"एकटे आजोबा होते हो. लग्न नाही, काही नाही. घरात बाईमाणूस कधी नव्हतंच म्हणतात शेजारी."

"मग हे कपडे?"

"मला वाटलं तुम्हाला कळेल," ते म्हणाले. "ट्रंक जड होती ना, म्हणून मी आधी रिकामी करायला बघत होतो. पण हाताखालच्या पोरांनी ती त्या घरातून उचलली तेव्हा आतून पाणी ठिबकत होतं. तुम्हाला मिळाली तेव्हा कोरडी होती का?"

मी फोन ठेवला आणि कामाच्या खोलीत गेले.

६

ओळ होती तशीच होती. मी लोकरीचा पोशाख उचलला. डावं बटण उजव्याच्या रेषेत होतं, सरकवलेलं नव्हतं, आणि सरकवल्याची खूणसुद्धा नव्हती. सुईची भोकंही नाहीत. कमरेपाशी एक रफू केलेली जागा होती. ती मी मंगळवारी पाहिली होती आणि तिची वाखाणणीही केली होती, कारण गाठ कुठे दिसत नव्हती. आता गाठ सुलट्या बाजूला होती, मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी.

मी खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. टॉर्च लावली. दोरा काळा. लोकरीइतकाच जुना, लोकरीबरोबरच उन्हात विटलेला.

मी खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. मग उठले, कारण रडून वय निघत नाही. आयुष्यभर जे काम केलं तेच करायचं होतं, फक्त या वेळी चुकायचं नव्हतं. लोकरीचा झाला, पुढचा घेतला. पट्ट्या सरळ, गाठ सुलट्या बाजूला. स्लिप, तसंच. ब्रा, तसंच. काळा पोशाख, धातूच्या चेनचा, तसंच. आणि त्याच्या पुढचा नायलॉनचा उचलला तर डावी पट्टी अजूनही आखूड, गाठ अजूनही आत लपलेली. तिथून निळ्यापर्यंत सगळे मंगळवारी होते तसेच वाकडे.

म्हणजे धाकटी त्या ओळीत अडकली होती, लोकरीच्या काळापासून जगत जगत काळ्यापर्यंत आली होती. अजून पुढे पोचली नव्हती.

मग टेप घेतली. लोकरीच्या पोशाखाचं माप म्हणजे तिचं आत्ताचं माप, मला पाठ असलेलं. पुढे कंबर थोडी सैल. त्याच्या पुढे आणखी. काळ्याच्या दोन्ही कुशी उसवून वाढवलेल्या होत्या, वाढवलेल्या ठिकाणी तिचे ते मोठे मोठे टाके आणि त्या निर्लज्ज गाठी. ही बाई तशीच्या तशी राहणारी नव्हती. ही जगत होती, जाड होत होती, पोहायला जात होती, आणि वाट बघत होती. लोकर आणि ही चेन यांच्यामध्ये किती काळ जातो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मी हिशेब केला आणि तो मनातही पुरता उच्चारला नाही. धाकटी आता माझ्यापेक्षा मोठी झाली होती.

मी काळ्याच्या पायाशी असलेलं इलॅस्टिक बोटांत धरलं. मंगळवारी ते माझ्या बोटांत कुरकुरलं होतं. आता ताणलं तर ताणलं गेलं, सोडलं तर परत आलं. कोमट होतं. सगळ्या ओळीत तेवढं एकच. मला वेड्यासारखा आनंद झाला, सांगायला लाज वाटते इतका. सापडली होती. कुठे आहे ते कळलं होतं.

जिन्यावर ओली पावलं वाजली.

"ताई, अंधारात काय करतेस?" ती दारात उभी होती, केस टपकत होते. चेहरा तिचा, आवाज तिचा. पाठीमागून उजेड येत होता, त्यामुळे खांद्यांची रेघ स्वच्छ दिसत होती.

"एवढा एक टाका घालून दे ग," मी म्हणाले आणि सुई-दोरा आणि एक चिंधी पुढे केली. "माझी नजर आज लागत नाहीये."

तिने डाव्या हातात सुई घेतली. अंधारातच दोरा ओवला, पहिल्या फटक्यात. एक टाका घातला, चिंधी उलटी केली, गाठ आत मारली, दोरा तोडला आणि चिंधी माझ्या तळहातावर ठेवली.

"किती वर्षं सांगत होतीस ना," ती म्हणाली. "शिकले एकदाची."

मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित राहिले असते, कारण ती खरंच चांगली हसत होती. मी टेबलावर नजर टाकली. काळ्याच्या पुढच्या नायलॉनच्या पोशाखाची डावी पट्टी मघाशी होती त्याहून लांब दिसत होती. निळ्यापर्यंत पोचेल तेव्हा माझी धाकटी किती म्हातारी असेल, आणि तिथे पोचल्यावर पुढे कपडाच नाही.

त्याआधीच तिला गाठायला हवं होतं. मी काळा पोशाख छातीशी धरला आणि पडद्याकडे निघाले.

"ताई, टेबलावरचं अंगावर नाही," ती मागून म्हणाली. "आणि तुला कुठे होणारे तो?"

"होईल," मी म्हणाले. "कुशी वाढवल्यात."

पडदा ओढून घेतला. कपडे काढले. पोशाख पायांवरून वर घेतला तसा तो हातात जड होत गेला, पाणी भरल्यासारखा, आणि कुठूनतरी लांबून पोरांच्या कालव्याचा आणि पाण्यात उडी पडल्याचा आवाज आला. गाठी अंगाला टोचत नव्हत्या. त्या बाहेरच्या बाजूला होत्या, मी बोटांनी एकेक चाचपून पाहिली. धातूची चेन बर्फासारखी गार होती. ती मधे जरा अडली, मग वर गेली.

पडद्याबाहेरून ती म्हणाली, "ताई, होतंय का?"

मी उजवी पट्टी खांद्यावर सोडली. मग डावी.